रेड वाइन, परवान्यासह

माझ्या घरात दारूची पहिली बाटली आली ती माझ्या भावी व्याह्यांच्या कापडी पिशवीतून. तिला लेबल नव्हते, सील नव्हते, उत्पादन शुल्काची पट्टी नव्हती. झाकणाच्या जागी मेणात बुडवलेली चिंधी घट्ट कोंबलेली होती. न्यू पनवेलच्या खांदा कॉलनीतील माझ्या बैठकीच्या खोलीत, चिवड्याच्या बशीशेजारी त्यांनी ती ठेवली आणि माझ्या पत्नीकडे पेले मागितले.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. माझी मुलगी न्हावा शेवाला एका जहाज एजंटाच्या कचेरीत नोकरीला होती आणि तिने जो मुलगा पसंत केला होता तो त्याच कचेरीत पलीकडच्या टेबलावर बसत असे. मुलगा वसईकडच्या मराठी ख्रिस्ती घरातला. त्यावर माझी हरकत नव्हती. अशा विवाहांसाठी या देशात विशेष विवाह कायदा आहे, तो चांगला कायदा आहे, आणि त्याखाली द्यावयाच्या नोटिशीचा मसुदा मी मुलाचा चेहरा पाहण्यापूर्वीच तयार करून ठेवला होता. मुलाचे वडील शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

मी स्वतः न्यायालयाच्या कचेरीतून निवृत्त झालो होतो आणि सकाळचा वेळ पत्रव्यवहारात घालवीत असे. कलंडलेला विजेचा खांब, मुका टेलिफोन, थांब्यावर न थांबणारी एसटी, यांपैकी प्रत्येकाविषयी संबंधित अधिकाऱ्यांकडे माझे पत्र पोचलेले होते. उत्तरे येत नसत. त्यामुळे कायदा मोडणारा इसम आपण होऊन माझ्या सोफ्यावर येऊन बसला आहे, हा अनुभव मला नवा होता.

सरांनी अभिमानाने सांगितले की वाइन घरची आहे. नाशिककडची काळी द्राक्षे आणून ते दर वर्षी स्वतः करतात. आणि त्यांच्या घरची रीत अशी की सोयरीक ठरली म्हणजे दोन्ही बापांनी एका बाटलीतली वाइन प्यायची. ते झाल्याखेरीज बोलणी पुरी झाली असे त्यांच्याकडे कोणी धरत नाही. त्यांच्या वडिलांनी प्यायली होती, सासऱ्यांनी प्यायली होती, आता आमची पाळी.

मी विचारले, "परवाना आहे?"

"कशाचा?"

"करण्याचा, बाळगण्याचा, नेण्याचा आणि पिण्याचा. हे चार वेगवेगळे विषय आहेत."

सर मोठ्याने हसले. माझी पत्नी हसली नाही. तिने आणलेले पेले मुकाट्याने परत नेले. मग सरांच्या लक्षात आले की हा विनोद नव्हता.

त्या दुपारी फार बोलणे झाले आणि ते सारे सभ्यपणे झाले. मी म्हणालो की वाइन पिण्यास माझा विरोध नाही, मात्र ती कायदेशीर हवी. सर म्हणाले की कायद्याला त्यांचाही विरोध नाही, मात्र ती वाइन हवी. दुकानात मिळते ती वाइन नव्हे, असे त्यांचे मत होते. द्राक्षाखेरीज बाटलीत काही घातलेले असेल तर ते घोटभरही पीत नसत. म्हणजे अटी दोन झाल्या. माझी अट पुरी करणारी वाइन दुकानात होती आणि त्यांची अट पुरी करणारी त्यांच्या पिशवीत. दोन्ही अटी एकदम पाळणारी बाटली शोधण्याचे काम मी पत्करले, कारण ज्याचे घर त्याने पाहुणचार करावा आणि ज्याची हरकत त्याने ती दूर करावी, असे मला वाटले. बिनलेबली बाटली सरांनी परत नेली. जिन्यात त्यांना मी आठवण करून दिली की वसईपर्यंतची वाहतूक हा स्वतंत्र गुन्हा आहे.

प्रथम मी परवाना काढला. महाराष्ट्रात मद्य पिणाऱ्याला परवाना लागतो हे पिणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसते. ठाऊक असते ते न पिणाऱ्यांना. मला मिळालेल्या कागदाचा आशय असा होता की धारकाच्या आरोग्याच्या रक्षणासाठी मद्य आवश्यक आहे. तो मी घरी मोठ्याने वाचून दाखवला.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या आरोग्याच्या आड येत होते," पत्नी म्हणाली आणि भाजी परतायला निघून गेली.

परवाना खिशात घालून मी जुन्या पनवेलातील दुकानात गेलो. दुकानाचे तोंड पश्चिमेला होते. रेड वाइनच्या बाटल्या अगदी पुढच्या फळीवर, उन्हात, शिपायांसारख्या उभ्या केलेल्या होत्या. मालकाला मी विचारले की यांतील कोणत्या बाटलीत केवळ द्राक्षे आहेत. त्याने माझ्याकडे पाहिले, मग बाटल्यांकडे पाहिले, आणि म्हणाला, "काका, गोड पाहिजे का कमी गोड, तेवढं सांगा." दुकानदाराचे ज्ञान एवढ्यावर संपलेले पाहून मी लेबले वाचू लागलो. द्राक्षाचे चित्र होते, किल्ल्यासारख्या एका वाड्याचे चित्र होते, आरोग्याला अपायकारक असल्याची सूचना होती. आत काय आहे ते नव्हते. बिस्किटाच्या पुड्यावर जे छापावे लागते ते या बाटलीवर नाही, याचा मला भर दुकानात संताप आला आणि तो घेऊन मी घरी आलो, तो थेट लिहायलाच बसलो.

तीन उत्पादकांना पत्रे गेली. द्राक्ष कोणते, आंबवण त्याच्याच सालीवरचे की बाहेरून आणलेले, साखर घातली का, रंग घातला का, गंधकाचा वायू किती, आणि गाळून तिच्यातले काय काढून टाकले. पत्राच्या शेवटी मी नम्रपणे लिहिले होते की माझ्या मुलीचे लग्न या उत्तरांवर अवलंबून आहे. एकाने डोंगरांचे चित्र असलेले कॅलेंडर पाठवले. दुसऱ्याने लिहिले की त्यांच्या वाइनचा आस्वाद दर्दी लोक घेतात. तिसऱ्याने विचारले की मला पनवेलची एजन्सी हवी आहे काय.

या काळात सरांचा आणि माझा पत्रव्यवहार चांगलाच वाढला. त्यांची पत्रे फळ्यावर लिहिल्यासारखी सुटी आणि स्वच्छ असत. त्यांतून मला कळले की द्राक्षाच्या सालीवर जी पांढुरकी पूड दिसते तिच्यासोबतच आंबवणारे जीव राहतात. द्राक्षे चेचली, सालीसकट ठेवून दिली आणि स्वच्छतेचे भान राखले, तर बाकीचे काम तेच करतात. सालीतून रंग येतो, साल आणि बियांतून तुरटपणा. अशी वाइन थोडी गढूळ असू शकते, तिच्या तळाशी गाळ बसतो, आणि त्या गाळाला घाबरण्याचे कारण नाही. उलट आरशासारखी लख्ख असेल तर तिला काय काय सोसावे लागले ते विचारावे. मात्र नैसर्गिक म्हणजे बिघडलेली नव्हे, हे वाक्य त्यांनी अधोरेखित केले होते. शिरक्याचा वास आला, तर ती शिरका समजून भाजीत घालावी आणि करणाऱ्याचे कौतुक करू नये. उन्हात उभी असलेली बाटली तर चुलीवर ठेवलेलीच समजावी. फळीच्या मागची, अंधारातली, आडवी निजलेली बाटली मागून घ्यावी आणि आपल्या हवेत अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडावी. मी हे सारे पाठ केले. एखाद्या कायद्यावरील भाष्य वाचावे तसा त्यातला आनंद मला मिळू लागला, हे मी पत्नीला सांगितले नाही.

अखेर एका रविवारी मी तीन निवडक बाटल्या रीतसर विकत घेऊन आडव्या निजवल्या, चाखणाऱ्या सगळ्यांचे एका दिवसाचे परवाने काढले आणि सरांना बोलावले. ते आले, सोबत मुलगा, आणि पिशवीत पुन्हा तीच मेणाची बाटली. तुलना करायला नमुना लागतो, ही शाळेची पद्धत असल्याचे त्यांनी सांगितले. पत्नीने स्टीलच्या वाट्या मांडल्या होत्या. सरांनी त्या नाकारल्या. स्टीलमध्ये रंग दिसत नाही म्हणून चहाच्या पांढऱ्या बशा मागितल्या आणि त्यांसोबत खायचा सोडा. सोडा कशाला, हे माझ्या पत्नीने विचारले तेव्हा ते म्हणाले, "साक्षीदाराला शपथ घालायला, वहिनी."

पहिली वाइन इतकी गोड निघाली की माझ्या मुलीने तिला खोकल्याचे औषध ठरवले. साखर घातली असेल किंवा आंबवणे मध्येच थांबवले असेल, सर म्हणाले, कारण आंबवणारे जीव पोटभर जेवले तर गोडी मागे उरत नाही. दुसऱ्या बशीत त्यांनी चिमूटभर सोडा टाकला. द्राक्षाचा खरा रंग सोड्याने निळसर हिरवट होतो. आमच्या बशीतली वाइन फसफसली आणि रंगपंचमीइतकी लाल राहिली. मी त्या बशीकडे पाहत राहिलो. बाहेरून घातलेला रंग, आणि लेबलावर द्राक्षाचे चित्र. मी तेथेच मनात पत्राचा पहिला परिच्छेद रचला.

मधल्या वेळेत सरांनी मेणाची चिंधी काढली आणि बाटली माझ्या नाकाजवळ आणली. "वास घ्यायला परवाना लागतो?"

मी नीट विचार केला. करणे, बाळगणे, नेणे, विकणे, पिणे, हे सर्व कायद्यात आहे. हुंगणे कोठेही नाही. मी बाटली हातात घेऊन हुंगले. चेचलेल्या जांभळांचा वास होता, त्याच्या मागे ओल्या लाकडाचा, आणि त्याही मागे करवंदांच्या जाळीत हात घातल्यावर येतो तसा काहीतरी हिरवा, काटेरी वास. ती बाटली जिवंत होती. मी ती परत दिली, कारण आणखी क्षणभर हातात राहती तर ते बाळगणे झाले असते.

माझी सारी भिस्त तिसऱ्या बाटलीवर होती. ती कोरडी होती, जिभेवर जांभळासारखी तुरट होती, तिचा रंग सोड्याने हिरवा झाला. मी जिंकलो असे मला वाटले. एवढ्यात सरांनी दीर्घ श्वास घेऊन हुंगले आणि त्यांना शिंका आल्या. विझलेल्या काडीसारखा वास, गंधक, आणि हात सैल सोडून घातलेला.

मी म्हणालो की गंधकाला कायद्याने मुभा आहे, मर्यादेत असेल तर तो दोष नाही. सर रुमाल घडी करत म्हणाले, "आयुष्यभर पोरांना सांगितलं, हा वायू हुंगू नका. आता सुनेच्या घरी येऊन तोच पिऊ?"

"मर्यादेत."

"कायद्यात बसतं म्हटलं की तुमचं समाधान होतं, साहेब. माझं नाही होत."

"आणि अंगणात केलं म्हटलं की तुमचं होतं. माझं होत नाही."

यापुढे दोघांचेही आवाज चढले. शाळेतला आवाज आणि कोर्टातला आवाज, दोन्ही मोठ्या खोल्यांसाठी घडवलेले. खालच्या मजल्यावरच्यांनी खिडकी लावून घेतल्याचे ऐकू आले. सरांनी चिंधी पुन्हा कोंबली, बाटली पिशवीत घातली आणि मुलाला चल म्हणाले. बाटली नाही तर बोलणी नाहीत, आणि बोलणी पुरी न झालेल्या लग्नाला ते येणार नाहीत, हे त्यांनी दारात सांगितले. मुलाने माझ्या मुलीकडे पाहिले, तिने त्याला जायची खूण केली.

नोटीस तोवर विवाह अधिकाऱ्यांच्या फलकावर लागली होती. मुदत संपत आली होती. मी मुलीला समजावले की कायद्याला साक्षीदार लागतात, बाप लागत नाहीत. सरांच्या गैरहजेरीने विवाहाच्या वैधतेला काडीचाही धक्का पोचत नाही. ती बशा विसळत होती. तिने नळ बंद केला.

"मला वैध लग्न नकोय, बाबा. लग्न हवंय. तुम्ही दोघं एका खोलीत बसणार नसाल तर मी ती नोटीस काढून घेते. त्यालाही तसंच वाटतं."

ती रडली असती तर मला युक्तिवाद सुचला असता. ती बशा पुसून जागेवर ठेवून निघून गेली. तीस दिवसांची नोटीस अमलात आणायला काय काय करावे लागते ते मला ठाऊक होते; ती मागे घ्यायला काय लागते याचा मी कधी विचार केला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी कोणालाही पत्र लिहिले नाही. पत्नीने दोनदा येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

ताप नव्हता, पण पोट बिघडले होते. तीन प्रकारची वाइन, त्यावर राग, आणि त्यावर रविवारची शिळी भजी. पत्नीने, लग्नानंतरच्या प्रत्येक अपचनात केले तेच केले. कपाटातून द्राक्षासवाची बाटली काढली, पेल्यात दोन चमचे ओतले, तेवढेच पाणी घातले आणि समोर धरले. मी लहानपणापासून द्राक्षासव घेत आलो आहे. आमच्या घरात सोवळ्यातल्या बायकाही ते घेत. त्या दिवशी घोट घेण्यापूर्वी, हाताला सवयच लागल्यामुळे, मी पेला नाकाशी नेला.

मग मी बाटली मागवून घेतली आणि तिचे लेबल जन्मात प्रथम वाचले. घटकद्रव्ये एकेक करून छापलेली होती. खाली लिहिले होते की यातील मद्यार्क स्वयंजनित आहे, म्हणजे आंबताना आपोआप तयार झालेला. शुद्धीवर असलेल्या माणसाने असे वाक्य बसून वाचावे, म्हणून मी बसलो.

बाजारातल्या एका द्राक्षासवावर टिकवण्यासाठी परिरक्षक घातल्याचे छापलेले होते. तो पर्याय मी तेव्हाच बाद केला. पनवेलात औषधी आसवे करणाऱ्यांची कमतरता नाही. एका परवानाधारक वैद्यांकडे मी माझे सगळे प्रश्न घेऊन गेलो आणि त्यांनी सगळ्यांची उत्तरे उभ्या उभ्या दिली. काळ्या मनुका, गूळ, मध, दालचिनी, वेलची, पिंपळी. आंबवणाला धायटीची फुले. सागाच्या पिंपात तोंड बंद करून ठेवायचे. रंग नाही, गंधक नाही. मी त्यांना विचारले की तुम्ही ही माहिती इतक्या सहज कशी देता. ते म्हणाले, "लपवायचं कशाला? रोगी पिणार आहे ना."

राहिली एक कायदेशीर अडचण. अशा औषधाला मद्याच्या कायद्यातून सूट आहे ती औषध म्हणून. मी आणि सर पेले उंचावून ते सोयरिकीसाठी प्यालो तर ते पेय ठरेल आणि सूट जाईल. यावर मी बराच वेळ खर्च केला आणि तोडगा लेबलावरच सापडला. मात्रा ठरलेली, जेवणानंतर, समभाग पाण्यासह. तशी घेतली तर ते औषधच राहते, मग घेणाऱ्यांच्या मनात काही का असेना. फक्त अपचन खरे असले पाहिजे. हे मी पत्नीला समजावून सांगितले तेव्हा तिने पदर खोचला आणि म्हणाली की तेवढे तिच्यावर सोपवावे.

सरांना मी जेवणाचे आमंत्रण एका ओळीत लिहिले: दोन्ही अटी पाळणारी बाटली मिळाली आहे. उत्सुकतेपुढे शास्त्राच्या माणसाचे काही चालत नाही. ते मुलासह आले. पत्नीने पुरणपोळ्या केल्या होत्या, अळूवडी, कटाची आमटी, वालाचे बिरडे, आणि आग्रह असा की नको म्हणणाऱ्याच्या पानात दोन पडत. शेवटी सर खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी पट्टा एक घर सैल केला. मी त्यांना औपचारिकरीत्या विचारले, "जड झालं?"

"फार."

"हे तुमच्या तोंडून ऐकायचं होतं," असे म्हणून मी बाटली पुढे केली.

त्यांनी लेबल वाचले. माझ्याकडे पाहिले. पुन्हा वाचले. मग बाटली खिडकीकडे धरून तळाचा गाळ पाहिला, बशीत चार थेंब घेऊन सोडा टाकला. ते फसफसून काळपट हिरवे झाले. गंध घेतला आणि बराच वेळ शिंकेची वाट पाहिली. शिंक आली नाही. माझी मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"गूळ आहे यात," सर म्हणाले.

"आहे."

"दालचिनी आहे. पिंपळी आहे. द्राक्षाखेरीज काही नको म्हणालो होतो मी."

"म्हणाला होतात," मी म्हणालो.

त्यांनी बाटली खाली ठेवली आणि बोट लेबलावरून ओळी मोजत फिरवले. "घातलंय," ते सावकाश म्हणाले. "पण सांगून घातलंय. बाजारातल्या वाइनवर माझा राग होता तो हाच." मग त्यांनी माझ्या मुलीला हाक मारली. "ये बाळ. मोजून दे. तुझ्या बाबांना मात्रा चुकलेली खपणार नाही."

तिने दोन पेल्यांत दोन दोन चमचे ओतले आणि तितकेच पाणी. आम्ही पेले उंचावले नाहीत; मी तशी ताकीद देऊन ठेवली होती. टेबलावरच ठेवलेले पेले सरांनी एकमेकांना हळूच टेकवले, आणि टेकवण्याबद्दल लेबलावर काही लिहिलेले नसल्याने मी ते चालू दिले. सर एका दमात प्याले आणि डोळे मिटून बसले. चव त्यांना आवडली असे मी म्हणणार नाही. नंतर त्यांनी मला प्रथमच साहेब न म्हणता व्याही म्हटले आणि पेला पुढे करून आणखी मागितले.

मी नकार दिला. दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर, असे स्पष्ट छापलेले होते.

"मग आता?"

"आता रात्रीच्या जेवणानंतर."

सरांनी मुलाकडे पाहिले, मुलाने माझ्या मुलीकडे. पत्नी तोवर उशा आणि चटई घेऊन आलेली होती. दुपारी आम्ही दोघे व्याही बैठकीच्या खोलीत शेजारी शेजारी आडवे झालो, दोन आडव्या बाटल्यांसारखे, आणि छताच्या पंख्याकडे पाहत लग्नाचा दिवस, पाहुणे आणि नोंदणी कचेरीत कोणी आधी सही करायची ते ठरवले. पंख्याच्या खडखडाटाबद्दल कारखान्याला कोणी पत्र लिहायचे, यावर मात्र एकमत झाले नाही. सर म्हणाले, ते स्वतः लिहितील.